काच खराब हाय

दस्तगीरभाई मुलाणी कम्प्युटर सुरू करण्याआधी त्याच्याभोवती एक फेरी मारत.

नुसती फेरी नाही. हातात वीतभर लाकडी दांडका असे. त्याने टेबलाच्या चारही पायांवर एकेक ठोका द्यायचा, कान तिरका करून आवाज ऐकायचा, मान हलवायची. मग वाकून टेबलाखाली तेलबिल गळत नाही ना ते बघायचं. मग शर्टाच्या बाहीने पडद्याची काच पुसायची. एवढं झालं की खुर्ची पुढे-मागे सरकवून, 'बिस्मिल्ला' म्हणून बटण दाबायचं. या सगळ्यासाठी टेबल भिंतीपासून सुटं, खोलीच्या मधोमध ठेवलेलं होतं. आलेल्या पाहुण्याला त्याला वळसा घालूनच बसावं लागे. त्यांच्या पत्नी जैनबभाभी दारातच सांगत, "या, या. मधी एस.टी. स्टँड हाय, वळसा घालून या."

मी एकदा म्हणालो, "दस्तगीरभाई, याला टायर नाहीत."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "पण दांडका न मारता गाडी काढनारा ड्रायव्हर म्हंजे तोंड न धुता जेवनारा मानूस."

दस्तगीरभाई भोर डेपोचे ड्रायव्हर आणि मी त्यांचा कंडक्टर. बारा वर्षं आम्ही एकत्र काढली, त्यातली बरीचशी भोर-वेल्हे गाडीवर. आमच्यात कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात. तसं ते मला म्हणत, आणि पंधरा वर्षांनी मोठे असूनही 'तुमी' म्हणत. "घंटी तुमच्या हातात, म्हंजे मालक तुमी." ही घंटी म्हणजे टपाखालून मागपासून पुढपर्यंत गेलेली एक दोरी. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी वाजायची. एकदा वाजली की थांबायचं. दोनदा वाजली की निघायचं. त्याला आम्ही 'डबल' म्हणायचो. बारा वर्षांत दस्तगीरभाईंनी डबल मिळाल्याशिवाय गाडी हलवली नाही, आणि एक घंटी वाजल्यावर 'का' म्हणून विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच कबूल करून टाकतो. त्या बारा वर्षांत चहा नेहमी त्यांनीच पाजला. मी खिशात हात घालायचो, नाही असं नाही. पण तो हात खिशात रमायचा. एकच दिवस याला अपवाद आहे. त्या दिवसाबद्दलही सांगायचं आहे. खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

शेवटच्या वर्षी दस्तगीरभाईंची नजर कमी झाली. हे सगळ्यात आधी मला कळलं. विंझरच्या पुढे ते हळूच विचारायचे, "मास्तर, फुडं काय हाय?" मी तिकिटं फाडता फाडता पुढे येऊन उभा राहायचो आणि सांगायचो, "बैलगाडी आहे, उजवीकडून घ्या." सुरुवातीला ही चेष्टा होती. मग सवय झाली. मग मी तिकिटं मार्गासनीच्या आतच संपवायला लागलो, म्हणजे पुढचा रस्ता बघायला मोकळा. सहा महिने त्या गाडीला चार डोळे होते आणि त्यातले चालणारे दोन माझे होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी विंझरजवळ एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. दस्तगीरभाईंना ती दिसली नाही. मला दिसली. बोलायला वेळ नव्हता, मी दोरी ओढली. एक घंटी. त्यांनी करकचून ब्रेक मारला. गाडी त्या बाईपासून दोन हातांवर उभी राहिली. बाई आम्हाला शिव्या देत निघून गेली. दस्तगीरभाईंनी मागे वळून एवढंच विचारलं, "कुनी उतरनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगून टाकलं. माझं नाव येणार नाही असं वचनही घेतलं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आठवड्याभरात डोळे तपासायचं पत्र आलं. तपासणीत ते पास झाले नाहीत. हलकं काम देतो म्हणाले, गाड्या धुवून घ्यायचं. दस्तगीरभाई म्हणाले, "म्या गाडी चालवनारा मानूस, धुनारा न्हवं," आणि राजीनामा देऊन घरी बसले. रिटायर होणाऱ्या ड्रायव्हरची शेवटची फेरी आमच्यात थाटाची असते. गाडीला हार घालतात, स्टँडवर नारळ फोडतात, गावोगावचे लोक पेढे देतात. दस्तगीरभाईंना ती मिळाली नाही. बुधवारी गाडी आणली आणि गुरुवारी ती दुसऱ्याने नेली.

डोळ्यांचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "डोळं चांगलं हायेत. काच खराब हाय." गाडीची काच खराब होती, डॉक्टरांच्या मशीनची काच खराब होती, घरातल्या आरशाचीसुद्धा खराब होती.

मी पुढे परीक्षा देऊन डेपोच्या ऑफिसात बसलो. सहा वर्षं झाली. दोरीला पुन्हा हात लावला नाही.

आता कम्प्युटर. तो त्यांच्या मुलाचा, सलीमचा. सलीमला पुण्यात नोकरी लागली, त्याने नवा घेतला आणि हा जुना ईदेला येताना भोरला आणून ठेवला. चालतो का ते बघायला त्याने त्यावर गाड्यांचा एक गेम लावला. परदेशातला डोंगर, वळणं, एक पूल, खाली पाणी. दस्तगीरभाई उठून पडद्याजवळ नाक नेऊन उभे राहिले.

"सलीम, ही आपली वेल्ह्याची वाट हाय."

"अब्बा, हे परदेशात आहे."

"आसंल. पन पूल बघ की! विंझरचा हाय."

सलीम पुण्याला परत गेला. कम्प्युटर, गेमची सीडी आणि दस्तगीरभाई भोरला राहिले. त्यांनी मला निरोप धाडला, रविवारी या. मी गेलो. त्या रविवारपासून आमचं काम सुरू झालं. त्या जुन्या डबड्याला घाट चढता येईल असं करायचं, आणि तेही घरखर्चाला हात न लावता. भाभींनी तशी अट घातली होती. "ह्या डबड्यापायी घरातला एक रुपाया जायाचा न्हाई."

दस्तगीरभाईंचं म्हणणं साधं होतं. एकदा फक्त भोरहून वेल्ह्याला जायचं. टायमात आणि कुठे न ठोकता. मग बंद. मला कळत होतं ते काय मागतायत. त्यांची राहिलेली शेवटची फेरी ते मागत होते, आणि ती कुणामुळे राहिली ते मला एकट्याला माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो. म्हणून मी दर रविवारी नेमाने जायचो, कधी केळी घेऊन, कधी बिस्किटाचा पुडा. माझी बायको म्हणायची, "सख्ख्या भावाकडे कधी रिकाम्या हातानेही जात नाही तुम्ही."

आमच्या कामाच्या फोरमन होत्या वर्षा मॅडम. त्या भोरमध्ये टायपिंगच्या जोडीला कम्प्युटरचा क्लास चालवत. वय तिशीच्या आत, पण बोलणं हेडमास्तरचं. दस्तगीरभाई त्यांना 'फोरमन मॅडम'च म्हणत. त्यांनी डबडं उघडून पाहिलं आणि निदान केलं, "काका, मेमरी कमी आहे. चौसष्टच आहे."

"चौसष्ट म्हंजे बसून का उभं धरून?"

"म्हणजे?"

"आमच्या गाडीत चव्वेचाळीस बसून आन वीस उभं. झालं की चौसष्ट."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. "उभे धरूनच समजा," त्या म्हणाल्या. "हिच्या शेजारी अजून एक चौसष्टची पट्टी बसवावी लागेल."

दस्तगीरभाईंचा चेहरा उजळला. "मास्तर, ज्यादा गाडी सोडायची म्हनत्यात!"

ज्यादा गाडी मिळाली ती दस्तगीरभाईंच्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या बदल्यात. मॅडमच्या आईंना भजनं ऐकायला तो हवा होता. मेमरी वाढली, गेम सुरू झाला, आणि सिनेमातलं गाणं अडखळावं तसा एकेक चित्र दाखवत पुढे सरकू लागला. आता ग्राफिक कार्ड हवं होतं. नवं घेणं शक्य नव्हतं. मॅडमचा एक मावसभाऊ पुण्यात जुन्या कम्प्युटरचे भाग विकायचा. तो म्हणाला, भोरकडचा इंद्रायणी तांदूळ आणा, कार्ड देतो. माझी मार्गासनीला थोडी भातशेती आहे. मी वीस किलोंची पिशवी एस.टी.ने पुण्याला नेली आणि एवढंसं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. डेपोचा माणूस म्हणून कंडक्टरने मला सामानाचं तिकीट फाडलं नाही आणि मीही आठवण केली नाही, हीही कबुली इथेच देतो.

कार्ड बसवल्यावर नवीनच झालं. सपाटीला सगळं ठीक. चढ लागला की कम्प्युटर फटकन बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मॅडम म्हणाल्या, कार्डाला वीज पुरत नाही.

"म्या कवाधरनं सांगतोय," दस्तगीरभाई म्हणाले, "डिझेल पोचंना. आवाजावरनं कळतं. गाडी बोलती, ऐकाय येतं का?"

क्लासमधल्या एका मेलेल्या कम्प्युटरचा मोठा पॉवर सप्लाय मॅडमनी काढून दिला. तोपर्यंत कार्ड तापायला लागलं. यावर दस्तगीरभाईंनी कुणालाच विचारलं नाही. डबड्याचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला, स्वयंपाकघरातला टेबलफॅन आणून तोंडाशी लावला. "घाटात बोनेट उगडंच ठिवायचं." आतून भाभींचा आवाज आला, "मानसं घामानं भिजत्यात, डबड्याला वारा!"

तर असा तो कम्प्युटर, पोट उघडं टाकलेला, समोर पंखा, वर मिरची-लिंबू, आणि दस्तगीरभाईंची त्यावरची ड्यूटी. ती एकदा बघण्यासारखी होती. पडद्यावर आठ गाड्या ओळीत उभ्या राहायच्या. आकडे पडायचे, सात गाड्या सुसाट सुटायच्या. दस्तगीरभाई हलायचे नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं, मशीन अडकलं.

"निघा की," मी म्हणालो.

"डबल कुटं दिली?"

त्या घरात दोरी नव्हती, पण डबड्याचा पत्रा होता, हातात चमचा होता. दोनदा वाजवायला काय लागतं? पण माझा हात उठला नाही. "चला चला," एवढंच तोंडाने म्हणालो. ते तसेच बसून राहिले. शेवटी आतून भाभींनी डाव तव्यावर दोनदा आपटला, ठण् ठण्, आणि गाडी निघाली. पुढे हीच पद्धत पडली. भाकऱ्या थापता थापता भाभी डबल द्यायच्या.

त्या परदेशी रस्त्यावर उजव्या बाजूने जायची रीत होती. दस्तगीरभाई डावीकडूनच जायचे. समोरून येणारी प्रत्येक गाडी अंगावर यायची. "ह्यास्नी लायसन कुनी दिली?" गेममध्ये हॉर्न नव्हता, हे त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. "घाटात हॉर्न न्हाई? मास्तर, लोक मरतील की!" मग प्रत्येक वळणाला ते स्वतः तोंडाने 'पों पों' करायचे. शेजारच्यांना त्यावरून कळायचं की मुलाणींची गाडी सुटली. मॅडमनी कुठून तरी एक प्लॅस्टिकचं स्टेअरिंग आणून दिलं होतं. ते बघून ते खिन्न झाले. "आमचं स्टेरिंग म्हंजे परात. ही बशी हाय." तरी त्या बशीला ते दोन्ही हातांनी कवेत घ्यायचे, वळणाला खुर्चीतून अर्धे उठायचे.

आणि ते थांबायचे. वाटेत एक चर्च यायचं, तिथे थांबून म्हणायचे, "नसरापूर." पेट्रोलपंप आला की, "मार्गासनी. सावकाश उतरा, म्हातारीला हात द्या." एकेका थांब्यावर चढणाऱ्यांना वेळ द्यायचे. बाकीच्या सात गाड्या तोवर पोचून गेलेल्या असायच्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आठवा नंबर यायचा.

"शर्यत आहे दस्तगीरभाई ही," मी म्हणायचो.

"एस.टी. शर्यत लावत न्हाई. एस.टी. पोचती."

पण पोचत नव्हती. विंझरचा पूल ओलांडला की पुढे एक वळण होतं, तिथे रस्त्याकडेला पांढरा दगड. दर वेळी गाडी त्या दगडावर जायची. दर वेळी. मेमरी वाढली, कार्ड आलं, वीज पुरली, मशीन लोण्यासारखं चालायला लागलं, तरी त्याच दगडावर.

"काच खराब हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "धुकं धरतंय."

पुढच्या रविवारी गेलो तर खोलीत तंबाखूचा वास. पावसात वायपर चालला नाही की जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळतात, पाणी ठरत नाही. दस्तगीरभाईंनी पुडीभर तंबाखू भिजवून कम्प्युटरच्या पडद्याला चोळली होती. पडदा तपकिरी झाला होता आणि त्यातून परदेशातला डोंगर उन्हाळ्यातल्या माळासारखा दिसत होता. वर्षा मॅडमना बोलवावं लागलं. त्यांनी दारातच नाक धरलं.

"काका, हे काय केलंत?"

"फोरमन मॅडम, काच खराब हाय. बदलून द्या."

मॅडमनी पडदा पुसला, चालू केला, निरखून पाहिला. "काका, चित्र स्वच्छ आहे."

"मला धुरकट दिसतंय."

मॅडमनी एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी क्लासमधला चांगला, मोठा पडदा आठवड्याच्या बोलीवर आणून जोडून दिला. तो सुरू झाला तेव्हा मीसुद्धा 'वा' म्हणालो. झाडाचं पान न् पान दिसत होतं. भाभींनी डबल दिली. गाडी नसरापूरला थांबली, मार्गासनीला थांबली, पूल ओलांडला आणि पांढऱ्या दगडावर गेली.

"ही बी काच खराब निगाली," दस्तगीरभाई म्हणाले.

भाभींनी मला निघताना दारात गाठलं. "मास्तर, तुमाला सांगते. परवा त्यांनी च्यात मीठ घातलं. काल खांबाला सलाम केला. डोळ्याचं शिबिर लागलंय गुरवारी, फुकट करत्यात. डॉक्टर म्हनला, मोतीबिंदू पिकलाय, आता उशीर केला तर नजर जाईल ती जाईल. पन ह्ये ऐकत न्हाईत."

"पण का?"

"डोळं खराब म्हनलं की डेपोवालं खरं ठरत्यात. आपन कबूल केलं आसं हुतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमचं ऐकतील. तुमचं त्यांनी कधी मोडलं न्हाई."

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. एकदा त्यांच्या पाठीमागे सांगितलं होतं. आता तेच तोंडावर सांगायचं होतं. मी ठरवलं, मंगळवारी जाऊ. मंगळवारी डेपोत काम काढलं. बुधवारी शेवटची वेळ होती, दुपारी सुट्टी टाकून गेलो. केळी घेतली. मग केळी कमी वाटली म्हणून द्राक्षंही घेतली.

दस्तगीरभाई ड्यूटीवरच होते. "या मास्तर. बसा. आज वेल्हं गाटायचंच."

मी शेजारी बसलो. आतून डबल मिळाली. मी मनात वाक्यं जुळवत होतो, त्यामुळे नसरापूर-मार्गासनी कधी झालं कळलं नाही. पूल आला. पुलावर त्यांनी वेग कमी केला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं,

"मास्तर, फुडं काय हाय?"

सहा वर्षांनी ऐकलं हे. आणि मी उत्तर देऊन गेलो. "उजवं वळण आहे. दगड आहे डाव्या हाताला, जरा उजवीकडून घ्या. हां, घ्या घ्या. सुटला." गाडी पहिल्यांदा त्या दगडाच्या पलीकडे गेली. दस्तगीरभाई खुर्चीत नाचल्यासारखे हलले. "फुडं?" "सरळ आहे." "फुडं?" "मोरी आहे, अरुंद." लांबवर तांबड्या छपराचं घर दिसायला लागलं. ते आमचं वेल्हं. आणि तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला. तोच आवाज. बैलगाडी आहे, उजवीकडून घ्या. भारा घेतलेली ती बाई आठवली. उद्याचं शिबिर आठवलं. मी बोलायचा थांबलो.

गाडी वळली नाही. सरळ कठड्यावर गेली.

"का थांबला मास्तर? पोचलो हुतो की!"

"दस्तगीरभाई," मी म्हणालो, "काच चांगली आहे. तुमचे डोळे खराब झालेत."

ते पडद्याकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. आत भाकरी थापायचा आवाज बंद झाला.

"तेव्हाही काच चांगली होती," मी म्हणालो. आता थांबून उपयोग नव्हता. "आणि तेव्हा मॅनेजरसाहेबांना..."

"च्या," दस्तगीरभाई म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी तू च्या आनलास."

बारा वर्षं आणि वर सहा वर्षं, या माणसाने मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"सायबाच्या केबिनमधनं भायेर आलास. माज्याकडं न बघता सरळ कँटीनला गेलास आन च्या घेऊन आलास. वर खारी. बारा वर्सांत तुजा हात कधी खिशाच्या भायेर आला न्हवता. म्या जैनबला त्याच दिवशी म्हनलं, मास्तरानं कायतरी करून ठिवलंय."

आतून भाभी म्हणाल्या, "म्हनलं हुतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं? तू एक घंटी दिलीस, म्या थांबलो. त्या भाऱ्यावाल्या बाईच्या येळंला बी तसाच थांबलो हुतो. कंडक्टरला का म्हनून इचारत्यात व्हय?" त्यांनी ते बशीएवढं स्टेअरिंग उगाच डावीकडे फिरवलं, परत सरळ केलं. "आन बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. सलीम ईदेला येतो. दुसरं कोन येतंय हितं?"

"दस्तगीरभाई..."

"डबल द्यायची ऱ्हायलीया तुजी. सा वर्सं झाली, एका घंटीवर उबी हाय गाडी. रव्वारी येतोस, केळी आनतोस, बिस्कुट आनतोस. डबल काय देत न्हाईस. ती बिचारी आतनं तवा वाजवती."

मी चमचा शोधायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"आत्ता नगं. आत्ता मला दिसत न्हाई." हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की स्वयंपाकघरात भाभींच्या हातून परात पडली. "उद्या किती वाजता हाय ते शिबिर?"

गुरुवारी मी आणि भाभी त्यांना घेऊन गेलो. रांगेत त्यांनी पुढच्या म्हाताऱ्याला सांगितलं, "भिऊ नगा, काच बदलत्यात फकस्त." ऑपरेशननंतर काही आठवडे त्यांना पडद्यासमोर बसायची मनाई होती. ते काळा चष्मा लावून कम्प्युटरभोवती फेरी मारायचे, दांडका वाजवायचे आणि बटण न दाबता परत जायचे. गाडी जाग्यावर ठेवली तर खराब होते म्हणायचे.

मनाई उठली त्या रविवारी मी गेलो. जाताना केळी-बिस्किटं काही नेलं नाही. स्टँडवरून किटलीतून चहा नेला, तीन माणसांचा. भाभींनी किटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता आनि काय करून ठिवलं, मास्तर?"

दस्तगीरभाईंनी नवा चष्मा लावला, फेरी मारली, चार ठोके दिले, बटण दाबलं. मॅडमचा मोठा पडदा केव्हाच परत गेला होता; हा जुनाच होता, कडेला तंबाखूचा थोडा डाग राहिलेला. डोंगर दिसला, पूल दिसला, आठ गाड्या ओळीत उभ्या राहिल्या. दस्तगीरभाई मागे रेलले, पुढे झाले, पुन्हा मागे रेलले.

"मास्तर," ते म्हणाले, "चित्र लई भिकार हाय की रं!"

"म्हणजे?"

"झाडं बघ, हिरवी चिंधी टांगल्यावानी. ढगाला कोपरं हायेत. ह्याच्यापायी तू वीस किलो इंद्रायनी दिलास? फोरमन मॅडमला सांग, दुसरं कार्ड बघा म्हनावं."

"बघू," मी म्हणालो. "या सुगीला तांदूळ बरा होईल असं दिसतंय."

"व्हय, बघ." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बशी दोन्ही हातांत घेतली. पडद्यावर आकडे पडले आणि सात गाड्या निघून गेल्या. ते मागे वळून बघत नव्हते. आत भाकरीचा आवाज चालू होता, पण भाभी तव्याला हात लावत नव्हत्या.

मी चहाचा चमचा उचलला आणि डबड्याच्या पत्र्यावर दोनदा वाजवला.

"जाऊ द्या," मी म्हणालो.

दस्तगीरभाईंनी तोंडाने 'पों' केलं आणि गाडी सोडली.